उतरवलेल्या पोशाखाचे घर

चित्रपटाचे चित्रीकरण संपले की नट आपल्या घरी जातो. पण त्याच्या अंगावरचा पोशाख कोठे जातो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. हॉलीवूडच्या बड्या स्टुडिओंत त्याचे उत्तर ठरलेले होते. पोशाख कंपनीच्या मालकीचा. तो कोठीत परत जमा होई, उसवून दुसऱ्या नटीच्या मापाला बसविला जाई, पुन्हा वापरला जाई, भाड्याने जाई, आणि चिंध्या होईपर्यंत राबे. कपड्याला आणि कामगाराला तेथे एकच न्याय होता, असे आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने म्हटले तर श्रोत्यांनी रागावू नये. आज काही हौशी मंडळी असा एखादा पोशाख विकत घेऊन स्वतःच्या घरी काचेच्या पेटीत मांडतात. ही पेटी बांधण्याची पाळी का आली आणि ती कशी बांधतात, हा आमचा आजचा विषय. तो चैनीचा वाटेल. पण थोडे ऐकून घ्यावे.

१९७० साली मे महिन्यात एमजीएम या कंपनीच्या कल्व्हर सिटी येथील आवारात एक मोठा लिलाव झाला. कंपनी तोट्यात होती, मालकी बदलली होती, आणि नव्या मालकाला जमीन व रोकड यांत अधिक रस होता. डेव्हिड वाइझ या लिलाववाल्याच्या पेढीने कोठीतला सारा माल १५ लाख डॉलरांना घाऊक विकत घेतला आणि १८ दिवस तो विकला. राजाराण्यांचे झगे, शिपायांचे डगले, रथ, जहाजे, सर्व हातोड्याखाली गेले. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटात ज्युडी गार्लंडने घातलेल्या तांबड्या टिकल्यांच्या बुटांचा एक जोड १५,००० डॉलरांना गेला, तेव्हा लोक थक्क झाले.

हे बूट हाती लागले ते केंट वॉर्नर नावाच्या माणसामुळे. तो वस्त्रविभागात काम करणारा. जुन्या कोठीत धुळीत पडलेले जोड त्याने शोधून काढले. एक लिलावासाठी पुढे केला आणि बाकीचे गुपचूप स्वतःपाशी ठेवले. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते आम्हांला ठाऊक आहे, आणि आम्ही त्याची वकिली करीत नाही. मात्र चित्रपटात वापरलेले जे चार जोड आज माहीत आहेत, ते टिकले याचे श्रेय कंपनीच्या हिशेबनीसाकडे जात नाही, एवढे खरे.

त्याच लिलावात डेबी रेनॉल्ड्स ही नटी रोज येऊन बसे आणि पोशाख विकत घेई. या वस्तूंचे संग्रहालय व्हावे हा ध्यास तिने चाळीस वर्षे बाळगला. लास व्हेगासमध्ये स्वतःच्या हॉटेलात तिने १९९० नंतरच्या दशकात ते मांडूनही पाहिले. हॉटेल बुडाले, संग्रहालय मिटले. अखेर २०११ साली तिने संग्रह लिलावात काढला. मेरिलिन मन्‍रोचा ‘द सेव्हन इयर इच’मधला पांढरा झगा ४६ लाख डॉलरांना गेला, दलाली वेगळी. पांढरा म्हणून जगप्रसिद्ध असलेला तो झगा तोवर पिवळसर पडला होता. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकॅडमीचे स्वतःचे संग्रहालय लॉस एंजलिसला उघडले ते २०२१ साली. त्या वेळी डेबी रेनॉल्ड्सला जाऊन पाच वर्षे होत आली होती. मधली चाळीस-पन्नास वर्षे हा इतिहास खासगी घरांतून, कपाटांतून आणि पलंगाखालच्या खोक्यांतून जगला.

आता पेटीकडे वळू. चित्रपटाचा पोशाख टिकण्यासाठी शिवलेला नसतो. कॅमेऱ्यापुढचे काही आठवडे निभावले की त्याचे काम झाले. वर रेशीम दिसते, आत घाईचे टाके असतात. त्यात दिव्यांच्या उष्णतेत मुरलेला घाम आणि रंगरंगोटीचे डाग. ते तांबडे बूटच घ्या. बाजारातून आणलेले साधे बूट तांबडे रंगवून त्यांवर टिकल्या शिवलेले कापड चढविले होते. एकेका बुटावर दोन हजारांहून अधिक टिकल्या, हाताने शिवलेल्या. नाचताना आवाज होऊ नये म्हणून बहुतेक जोडांच्या तळाला नमदा चिकटविला होता. टिकल्यांचा गाभा जिलेटिनचा. दमटपणा त्याला मारक, आणि उजेडाने रंग उडतो तो वेगळाच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने २०१६ साली त्यांच्या जतनासाठी आणि नव्या पेटीसाठी लोकांकडे वर्गणी मागितली, ती तीन लाख डॉलरांहून अधिक जमली. बुटांच्या पेटीला एवढा खर्च कशाला, असे विचारणाऱ्याने ही टिकली डोळ्यांपुढे आणावी.

पेटीच्याही आधी करावे लागते ते अंग. दुकानातला पुतळा आणून त्यावर झगा चढविला की खांद्याच्या शिवणी चार-सहा महिन्यांत बोलू लागतात. म्हणून माप पोशाखाचे आतून घ्यायचे, नटीचे नव्हे. तेही मऊ फितीने. पुतळा मुद्दाम लहान निवडायचा आणि पोशाख सांगेल तेथे तेथे पोलिएस्टरचा कापूस गुंडाळून भरायचा; वरून खळ काढून धुतलेले मांजरपाट. आधी मांजरपाटाचाच कच्चा नमुना शिवून तो अंगावर बसतो का पाहावा, मग खरा कपडा चढवावा. घागऱ्याचे ओझे कंबरेवर पडू नये म्हणून आत जाळीचा परकर. बाह्यांत कापडी हात, मऊ भरलेले. ‘गॉन विथ द विंड’चे पाच पोशाख टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरकडे आहेत; २०१० साली त्यांच्यासाठी ३०,००० डॉलर गोळा केले, त्यात डागडुजीबरोबर मापाच्या पुतळ्यांचाही खर्च धरला होता. ‘ऑझ’मधल्या भित्र्या सिंहाचा पोशाख तर खऱ्या सिंहाच्या कातड्याचा. तो जपणाऱ्या खासगी संग्राहकाने त्यासाठी खास आकृती घडवून घेतली आणि तिचा चेहरा नट बर्ट लार याच्या मुलाच्या चेहऱ्यावरून बेतला. २०१४ साली हा सिंह तीस लाखांहून अधिक डॉलरांना विकला गेला.

मग उजेड. जाणकार अशा कापडाला ५० लक्स पुरे म्हणतात. म्हणजे डोळा सरावल्यावर रंग कळावा इतकाच. अतिनील किरण अडविणारी काच किंवा ॲक्रिलिक लावावे, दिवा पेटीबाहेर ठेवावा, खिडकीसमोरची जागा टाळावी. रात्री दिवा मालवला म्हणून दिवसाची झीज भरून निघत नाही, ती साठत जाते. म्हणून काही महिने मांडावे, मग अंधारात विश्रांती द्यावी. आमच्या आयाबायांनी पैठणी मलमलीत गुंडाळली आणि घडी बदलत ठेवली, ती याच शहाणपणाने. पेटीच्या लाकडाचे मात्र लोक विसरतात. ताजे प्लायवूड, ताजा रंग, ओकचे लाकूड यांतून आम्लयुक्त वाफा सुटतात आणि बंद पेटीत त्या कापडालाच खातात. भिजलेली भिंत नको, डांबराच्या गोळ्या नकोत, तारेचा हँगर तर मुळीच नको. धूळ काढायची ती जाळीचे कापड मधे धरून, अगदी मंद शोषणाने. कुलूपही हवे: २००५ साली मिनेसोटातील एका संग्रहालयातून या बुटांचा एक जोड पेटी फोडून चोरला गेला. चोराला त्यांवर खरी माणके आहेत असे वाटले होते, असे पुढे न्यायालयात सांगण्यात आले! २०१८ साली ते सापडले, आणि स्मिथसोनियनच्या जोडाशी ताडून पाहता दोन्ही जोडांतील बुटांची अदलाबदल झालेली निघाली. २०२४ साली तो चोरीतून परतलेला जोड २ कोटी ८० लाख डॉलरांना विकला गेला.

ही अदलाबदल आतल्या खुणांवरून कळते, आणि आम्हांला रस आहे तो तेथेच. झग्याच्या गळ्याशी आत फीत शिवलेली असते. तीवर चित्रपटाचा क्रमांक आणि नटीचे नाव शाईने लिहिलेले असते. शिवणाऱ्या बाईचे नाव नसते. वेशभूषेला ऑस्कर देण्याची प्रथाच १९४८च्या चित्रपटांपासून सुरू झाली. त्यामुळे ‘गॉन विथ द विंड’चा वॉल्टर प्लंकेट आणि ‘ऑझ’चा एड्रियन यांना त्या कामासाठी ते मिळणे शक्यच नव्हते. योजकाची ही गत, तर टिकल्या शिवणारीची काय असेल? आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली ते पारितोषिक जॉन मोलो यांच्यासह मिळाले. भारताला मिळालेले ते पहिले ऑस्कर. २०१२ साली त्यांनी ती मूर्ती सुरक्षित राहावी म्हणून अकॅडमीकडेच परत पाठविली. २०२० साली त्या वारल्या.

म्हणून कोणी पेटी बांधणार असेल तर आमची एक सूचना आहे. पुतळा भिंतीला टेकवू नये. मागे हातभर जागा सोडून आरसा बसवावा, आणि कापड सोशीत असेल तर पाठीची एक हुक-पट्टी उघडी ठेवावी. म्हणजे अस्तर दिसेल, दुसऱ्या नटीसाठी उसवून पुन्हा घातलेली शिवण दिसेल. खालच्या पाटीवर नट, चित्रपट आणि साल असतेच. त्याखाली योजकाचे नाव घालावे, आणि त्याखाली लिहावे, ‘शिवणकाम: स्टुडिओच्या शिवणखात्यातील कामगार’.