वानर आणि चांद्र पतंग

वानर (सेम्नोपिथेकस एंटेलस) आणि चांद्र पतंग (ॲक्टिअस सेलिने) हे महाराष्ट्रातील पानझडी जंगलांत एकाच झाडावर सापडू शकणारे दोन प्राणी. एक सस्तन, दुसरा कीटक. नाते इतके दूरचे असले तरी दोघांचेही पोषण मुख्यतः पानांवर होते आणि दोघांनाही लांब शेपूट असते.

काळ्या तोंडाच्या वानराचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते. त्यातले जीवाणू पाने आंबवतात, म्हणून लाल तोंडाच्या माकडाला न मानवणारी जून पानेही वानर पचवते. चरून झाल्यावर टोळी दुपारभर फांद्यांवर सुस्तावते. आळस नव्हे, आत पचनाचे काम चालू असते.

चांद्र पतंग सगळे खाणे अळीपणीच उरकतो. मोईच्या पानांवर वाढणारी ही अळी सुरुवातीला तांबूस-काळी असते आणि कात टाकत टाकत पोपटी होते. पाठीवर पिवळसर गाठी, गाठींवर राठ केस. पुढे ती पानांच्या आडोशाला रेशमी कोश विणते. कोशातून निघणाऱ्या फिकट हिरव्या पतंगाचे मुखावयव निकामी असतात. साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. पिसांसारख्या शृंगिकांनी मादीचा गंध टिपत नर तिच्यापर्यंत पोचतो. मादी अंडी घालते आणि मरते. वानराची मादी मात्र साडेसहा महिने गर्भ वाहते. तिच्या काळपट पिल्लाला टोळीतल्या इतर माद्याही आळीपाळीने सांभाळतात.

वानराचे शेपूट धडापेक्षा लांब असते, पण ते फांदीला विळखा घालू शकत नाही. चित्रांत शेपटीने लोंबकळणारी माकडे दक्षिण अमेरिकेची. वानराला ते उडी मारताना तोल सावरायला लागते. पतंगाच्या मागच्या पंखांना असलेल्या शेपट्या तुटण्यासाठीच असाव्यात. अमेरिकेतल्या लूना या त्याच्या भाऊबंदावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वटवाघळांचे निम्म्याहून अधिक हल्ले शेपट्यांवर झाले. उडताना भिरभिरणाऱ्या शेपट्यांचा प्रतिध्वनी शिकाऱ्याला चकवतो, आणि शेपटी गेली तरी पतंग उडत राहतो. वानराला अशी चैन परवडत नाही.

दोघांनाही काही खायला घालू नये. बिस्किटे आणि गोड पदार्थ वानराच्या पोटातले आंबवण्याचे गणित बिघडवतात. दिव्याखाली येऊन बसलेल्या पतंगाला तर खाताच येत नाही.