घरांतील ग्रंथांची फळी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे एक जुने विद्यार्थी आमच्या भेटीस आले होते. कुशलप्रश्न झाल्यावर त्यांनीं खिशांतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. त्यावर उभ्याआडव्या रेघा ओढून रकाने पाडलेले होते. एका बाजूस घरांतील माणसें : स्वतः, पत्नी, वृद्ध आई, बारा वर्षांची कन्या व सात वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूस विषय : कथा, चरित्र, इतिहास, काव्य, शास्त्र. "सर, नव्या घरांत पुस्तकांसाठीं एक मोठी फळी करून घेतली आहे. ह्या रकान्यांत तुम्ही नांवें भरून द्या, म्हणजे एकदमच सर्व मागवून टाकतों," असें ते म्हणाले. घर बांधतांना पुस्तकांसाठीं जागा राखणारा गृहस्थ विरळा, म्हणून आम्हांस आनंदच झाला. पण लेखणी हातीं घेतल्यावर एकही रकाना आमच्यानें भरवेना. तो कां भरवेना, ह्याचा विचार करतां करतां मराठी पुस्तकांचा गेल्या दोन शतकांचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहिला. तोच येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. शेवटीं यादीही देऊंच; मात्र ती रकान्यांची असणार नाहीं.

यादी करण्याची हौस कांहीं नवी नव्हे. इ. स. १८८६ मध्यें सर जॉन लबक ह्यांनीं लंडनमधील कामकरी लोकांच्या कॉलेजांत व्याख्यान देऊन शंभर उत्तम पुस्तकांची यादी जाहीर केली, आणि तिच्यावर इंग्लंडांत पुष्कळ चर्चा झाली. त्या यादींत आपलें रामायण व महाभारत होतें. परंतु तें एका इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथांतील सारांशरूपानें! लबकसाहेबांस दोष देण्याचें कारण नाहीं. यादी करणारा आपल्या खिडकींतून जेवढें दिसतें तेवढेंच पाहतो. म्हणून कोणतीही यादी वाचतांना तींत काय आहे ह्यापेक्षां काय राहून गेलें, आणि तें कां राहिलें, हें पाहणें अधिक बोधप्रद होतें, असा आमचा अनुभव आहे.

मराठी पुस्तक म्हटलें कीं आपल्या मनांत पुणें आणि मुंबई हीं दोन नांवें येतात. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. गोमंतकांत राचोल येथें इ. स. १६१६ मध्यें फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेजुइट धर्मोपदेशकाचें 'क्रिस्तपुराण' छापलें गेलें. त्याची भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि लिपि तेवढी रोमन. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे ह्यांनीं पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्यानें मराठीचें व्याकरण (१८०५) सिद्ध केलें, व त्याच छापखान्यांतून 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश' हीं मराठी पुस्तकें बाहेर पडलीं. तिकडे तंजावरास सरफोजी राजांनीं त्याच शतकाच्या पहिल्या दशकांत सख्खण पंडितांकडून इसापाच्या गोष्टी मराठींत करवून 'बाळबोधमुक्तावळी' ह्या नांवानें छापविल्या. म्हणजे इसाप ग्रीसचा, राजा भोसले कुळांतला, भूमि तमिळांची, आणि पुस्तक मराठी मुलांचें! आपली फळी आरंभापासूनच अशी चार दिशांनीं भरत आलेली आहे. जो आपल्या घरच्या फळीवर एकाच गांवचीं, एकाच जातीचीं अथवा एकाच मताचीं पुस्तकें मांडतो, तो परंपरा राखतों असें समजत असला तरी वस्तुतः ती मोडीत असतो.

मुंबईंत शाळाखात्याची मंडळी कामास लागल्यावर पुस्तकांस शिस्त आली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांचीं 'बाळमित्र' व 'इसापनीति' हीं पुस्तकें इ. स. १८२८ च्या सुमारास निघालीं, आणि मराठी गद्यास सोपें व सुबोध वळण लागलें. त्यांतील 'बाळमित्र' बर्क्विन नामक फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकावरून केलेला आहे. पुढें पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेंतील कांहीं रक्कम मराठी ग्रंथांस पारितोषिकें देण्याकडे लावण्यांत आली, व त्यासाठीं १८५१ मध्यें 'दक्षिणा प्राइझ कमिटी' स्थापन झाली. हेतु स्तुत्य होता, आणि ह्या उत्तेजनामुळें पुष्कळ विद्वान् मराठींत लिहूं लागले हेंही खरें. परंतु त्या पारितोषिकप्राप्त ग्रंथांपैकीं किती आज घरोघर वाचले जातात? बहुतेकांचीं नांवें वाङ्मयेतिहासकारांखेरीज कोणास आठवतही नाहींत.

आतां ह्याच कमिटीपुढें आलेल्या एका नापसंत पुस्तकाची कथा पाहा. ज्योतीराव फुले ह्यांनीं १८५५ मध्यें 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें. अडाणी शेतकऱ्यास नाडणारा जोशी हा त्याचा विषय. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. तें छापील स्वरूपांत वाचकांपुढें येण्यास १९७९ साल उजाडावें लागलें! जें मराठींतील आद्य सामाजिक नाटक म्हणून आज मानानें उल्लेखिलें जातें, त्याच्याशीं पांच पिढ्यांची गांठच पडली नाहीं. कमिटींतील गृहस्थ दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांची खिडकी तेवढीच होती, इतकेंच.

दुसरें उदाहरण ह्याहून मनास लागणारें आहे. वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक १८८२ मध्यें पुण्यास छापविलें. सर्व दोष बायकांच्याच माथीं मारणाऱ्या पुरुषांस त्यांत ज्या रोखठोक भाषेंत जाब विचारला आहे, तसा त्यापूर्वीं मराठींत कोणी विचारला नव्हता. फुल्यांनीं 'सत्सारां'त त्या पुस्तकाची बाजू घेतली. पण इतरत्र त्याची वाट लागली ती अशी कीं, १९७५ मध्यें डॉ. स. गं. मालशे ह्यांनीं तें पुनः संपादून प्रसिद्ध करीपर्यंत तें जणूं नव्हतेंच. ज्या पुस्तकावर कोणी बंदी घातली नाहीं, कोणी तें जाळलें नाहीं, तें केवळ कोणीं घरांत न घेतल्यामुळें नव्वद वर्षें नाहींसें झालें. पुस्तक मारण्यास हुकूम लागत नाहीं. फळीवर जागा न दिली म्हणजे पुरतें.

ह्याच्या उलट, वाचकाची मुळींच अपेक्षा नसतां जगलेलें एक पुस्तक आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फेडण्याच्या आशेनें दक्षिणा मिळवावयास इ. स. १८५७ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत निघाले, आणि नेमके त्या प्रसिद्ध बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि शेवटीं आईबापांसाठीं गंगेची कावड तेवढी घेऊन घरीं परतले. पुढें १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्य ह्यांच्या आग्रहावरून त्यांनीं ती हकीकत लिहून काढली. वैद्यांनीं ती आपल्या हातानें दुरुस्त करून लेखकाच्या पश्चात् १९०७ मध्यें 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केली, व मूळ लिखाण जसेंच्या तसें दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें बाहेर आणलें. हें कोणत्या रकान्यांत घालावें? इतिहास म्हणावा तर त्यांत स्वयंपाकाची व सोंवळ्याओंवळ्याची हकीकत आहे. प्रवासवर्णन म्हणावें तर त्यांत तोफा आहेत. बारा वर्षांच्या मुलीस तें गोष्टीसारखें वाटेल, आणि तिच्या आजीस आपल्या सासरच्या माणसांची भाषा त्यांत ऐकूं येईल.

'बायकांचीं पुस्तकें' हा रकाना तर आम्हांस सर्वांत फसवा वाटतो. रमाबाई रानडे ह्यांस माधवरावांनीं लिहावयास वाचावयास शिकविलें तेव्हां घरांतल्याच वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनीं सोसला. त्याच रमाबाईंनीं १९१० मध्यें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' लिहून न्यायमूर्तींचें जें चित्र काढलें, तें कोणा पंडितास साधलें नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं 'करमणूक' पत्रांत १८९० पासून 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी यमू नांवाच्या मुलीच्या तोंडून सांगितली. पण जिनें लक्षांत घ्यावें ती यमू नव्हे, तर तिच्या भोंवतालचे पुरुष. आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' (१९३४-३६)! शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईनें नवऱ्याचें धर्मांतर, ताटातूट आणि पुनः जुळलेला संसार हीं इतक्या हंसऱ्या आणि निर्मळ भाषेंत सांगितलीं आहेत कीं, गद्य कसें लिहावें हें पदवीधरांनीं तेथें शिकावें.

येथें आमची एक चूक कबूल करणें आम्हांस भाग आहे. आमच्या वडिलांचें पुस्तकांचें कपाट होतें, आणि त्याची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशांत असे. आमच्या आईच्या वांट्यास देव्हाऱ्याजवळच्या दोन पोथ्या आणि पाककृतींचें एक वही-पुस्तक, एवढेंच. वडिलांच्या त्या किल्लीस आम्ही तरुणपणीं पुष्कळ नांवें ठेविलीं. पण पुढें आमच्या स्वतःच्या कपाटाला किल्ली नसतांही आम्ही काय केलें? 'स्मृतिचित्रें' आम्ही वीस वर्षें वर्गांत शिकविलीं, आणि आईस एकदांही वाचावयास दिलीं नाहींत. तिचें वाचन पोथीचें, असें आम्हीं गृहीतच धरिलें होतें. ती पंचाहत्तरीची झाल्यावर एका आजारपणांत तिनेंच तें पुस्तक आमच्या टेबलावरून उचललें व चार दुपारींत संपविलें. नंतर ती इतकेंच म्हणाली, "अरे, हें इतकीं वर्षें तुझ्याकडे होतं, तर मला कां नाहीं दिलंस?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. रकाने कागदावर नसले तरी डोक्यांत असतात, आणि ते तेथें अधिक पक्के असतात.

मुलांच्या पुस्तकांचीही तीच गोष्ट. विनायक कोंडदेव ओकांनीं १८८१ मध्यें 'बालबोध' मासिक सुरू करून मुलांस चरित्रें, शास्त्र व कविता ह्यांची एकत्र गोडी लाविली. तेथें विषयांच्या भिंती नव्हत्या. अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मूळच्या कांहीं मुलांसाठीं रचिलेल्या नव्हेत, पण मराठींत मुलांनींच त्यांचा फडशा पाडला. उलट, साने गुरुजींनीं १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' (१९३५) मुलांची म्हणून दिली जाते. पण बेचाळीस रात्रींत ती सांगणारा श्याम प्रौढ आहे, आणि आई गमावल्यानंतर ती वाचणाऱ्यास तिचा निराळाच अर्थ लागतो. ज्यांस तींतील करुणरस अति वाटेल त्यांनीं मुलांच्या हातीं जोडीस ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्यावा. रडणें आणि दांडगाई दोन्ही बालपणास लागतात.

स्वातंत्र्योत्तर काळांत फळी अधिकच विस्तारली. स्वतः निरक्षर असलेल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ह्यांचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नें (१९५५) माणदेशांतील धनगरांची एक वाडी आणि तिला ओस पाडणारा दुष्काळ आपल्या दाराशीं आणून ठेविला. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' (१९५६) वाचणाऱ्यास आपल्याच खिडकीबाहेरचें झाड दिसूं लागतें. इरावतीबाई कर्व्यांनीं 'युगान्त' (१९६७) लिहून महाभारतांतील माणसांस माणसें म्हणून उभें केलें. दया पवारांच्या 'बलुतं'नें (१९७८) गांवगाड्याची दुसरी बाजू सांगितली, आणि ज्या घरांत ती कधीं बोलली गेली नव्हती त्या घरांतही ती पोंचली. शास्त्राच्या बाबतींत एक मौज सांगण्याजोगी आहे : जयंत नारळीकरांनीं आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेकडे टोपणनांवानें धाडली, आणि तीस पहिलें बक्षीस मिळालें. परीक्षकांपुढें नांव नसलें म्हणजे निवड कधीं कधीं किती चोख होते, हें ह्यावरून दिसेल.

आतां आमची यादी. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', 'स्त्रीपुरुषतुलना', 'पण लक्षांत कोण घेतो!', 'स्मृतिचित्रें', 'श्यामची आई', 'फास्टर फेणे'चे दोन भाग, बहिणाबाईंचीं गाणीं, 'बनगरवाडी', 'ऋतुचक्र', 'युगान्त', 'बलुतं', आणि नारळीकरांच्या कथा. हीं तेरा नांवें आम्हीं त्या विद्यार्थ्याच्या कागदाच्या पाठीमागें, रेघ न ओढतां, एकाखालीं एक लिहून दिलीं. त्यांत पुष्कळ थोर नांवें राहून गेलीं आहेत, हें आम्ही जाणतों; आमचीही खिडकी तेवढीच. म्हणून चौदावी जागा आम्हीं रिकामी ठेविली, आणि ती घरांतील माणसांनीं भरावी असें सांगितलें.

त्याबरोबर तीन सूचनाही केल्या. एक, सर्व पुस्तकें एकदम मागवूं नयेत. एक संपून त्यावर घरांत बोलणें झाल्यावर दुसरें आणावें. दोन, इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलांस मराठी अक्षर जड जातें म्हणून तक्रार न करितां रात्रीं जेवणानंतर अर्धा तास कोणीं तरी मोठ्यानें वाचावें. पोथी अशीच ऐकून पिढ्या शहाण्या झाल्या. तीन, पुस्तक कोणासाठीं आहे हें आपण ठरवूं नये. फळी सात वर्षांच्या मुलाचा हात पोंचेल इतकी खालीं आणि आजीस वांकावें लागणार नाहीं इतकी वर असावी. मधली जागा सांपडते.

परवां त्यांचें पत्र आलें. 'असूड' त्यांच्या आईनें वाचावयास घेतला आहे, आणि शेतकऱ्याच्या घराचें त्यांतील वर्णन आपल्या माहेरासारखेंच आहे असें ती नातीस सांगते. चौदाव्या जागेवर मात्र अजून एकमत झालेलें नाहीं. तें लवकर न होवो, हीच आमची इच्छा आहे.