नागपाड्याच्या बायकांनी केलेली शिरगणती

२०२० च्या जानेवारीत मुंबईत नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका धरण्याला बसल्या. नागरिकत्व कायद्याविरुद्धचे ते धरणे. दिल्लीच्या शाहीन बागेवरून लोक त्याला 'मुंबई बाग' म्हणू लागले. त्या दिवसांत एक वाक्य सारखे कानावर पडे : मुस्लिम बाई पहिल्यांदाच घराबाहेर पडली. म्हणणाऱ्यांचा हेतू कौतुकाचाच होता. पण त्याच नागपाडा-भायखळा भागातल्या बायकांनी ३५ वर्षांपूर्वी काय केले होते, ते आपण विसरलो आहोत, हेही त्यातून दिसत होते. त्या बायकांना तर बाहेर पडायला घरच नव्हते. त्या फुटपाथवर राहत होत्या.

१९८५ म्हटले की मुस्लिम समाजाला एकच नाव आठवते, शाहबानो. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने पोटगीचा तो निकाल दिला. मग सभा, मोर्चे आणि १९८६ चा कायदा. याच सरन्यायाधीशांच्या दुसऱ्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी आणखी एक निकाल दिला. तोही हजारो गरीब मुस्लिम बायकांच्या जगण्याशी थेट भिडलेला होता. त्यावर मोहल्ल्यात किती सभा झाल्या?

हा खटला ऑल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने ओळखला जातो. त्याची सुरुवात जुलै १९८१ ची. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना मुंबईबाहेर घालवण्याची घोषणा केली आणि भर पावसात झोपड्या तुटल्या. माणसे बसमध्ये घालून शहराबाहेर सोडली गेली. अंतुले कोकणचे, राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. संजय गांधी निराधार योजना काढणारेही तेच. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा, पण हुकूम त्यांचा होता, हेही इतिहासात लिहावे लागेल. खुर्चीवर आपला माणूस असल्याने फुटपाथवरच्या बाईचे छप्पर वाचले नाही.

न्यायालयाने मान्य केले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कायद्याच्या पुस्तकात हे वाक्य अजरामर झाले. मात्र त्याच निकालाने अतिक्रमण हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतची सवलत दिली. म्हणजे पावसाळा गेला की हातोडा येणार. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा मिळायची होती. ज्यांची नव्हती त्यांनी काय करायचे?

भायखळ्यात 'स्पार्क' ही संस्था १९८४ पासून काम करीत होती. पालिकेच्या दवाखान्याच्या गॅरेजमध्ये तिचे केंद्र होते आणि फुटपाथवरच्या बायका तिथे येऊन बसत. संस्थेने त्यांना बरोबर घेऊन शिरगणती केली. पालिकेचा ई वॉर्ड आणि काही मोठे रस्ते मिळून सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे मोजली गेली. 'वी द इन्व्हिजिबल' या नावाने अहवाल निघाला. आज आले, उद्या गेले असे ज्यांना समजले जाई, ती माणसे वर्षानुवर्षे तिथेच राहत होती आणि चालत कामावर जात होती. पत्ता नसलेल्यांचा हा पहिला मोठा हिशेब.

पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, याच बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. त्यात मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्या शेजारी गावाकडचा दुष्काळ सोडून आलेल्या हिंदू बायका. रेशन कार्डाचा फॉर्म कुठे मिळतो, चौकीवर काय बोलायचे, पालिकेची गाडी आली तर काय करायचे, हे त्या शिकल्या. एकटी गेली तर हाकलून देत. म्हणून घोळक्याने जायचे. तोडफोडीच्या वेळी त्यांनी अधिकाऱ्यांशी बोलून ठरवले की झोपडी आम्हीच उतरवू, पण बांबू, पत्रे, भांडी आमच्याकडे राहतील. रोजची बचत तर चालूच होती.

याला कुणी राजकारण म्हटले नाही. परंपरावाद्यांना मुस्लिम बाई दिसली ती शरीअतच्या चर्चेत, सुधारणावाद्यांना दिसली ती तलाकच्या चर्चेत. दोघांच्याही लेखी ती कुणाची तरी बायको होती. वॉर्ड ऑफिसच्या दारात फॉर्म घेऊन उभी असलेली बाई कुणाच्याच भाषणात आली नाही. आमच्या लिहिण्यातही नाही.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्विकासाच्या धोरणात फुटपाथवाले पहिल्यांदा पात्र ठरले. पुढे त्यांच्यापैकी काहींना मानखुर्दला घरे मिळाली, वसाहतीचे नाव मिलन नगर. पूर्वी भायखळ्यातल्या कामावर त्या पायी जात. मानखुर्दहून आता लोकल पकडावी लागते.