निवृत्तिवेतनाचे बदलते नियम : नियुक्तीच्या तारखेवर ठरणारे उत्तरायुष्य

मुंबई उपनगर जिल्ह्यातील कोणत्याही शासकीय कार्यालयात आज शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन लिपिकांचे काम सारखे असते, वेतनश्रेणी सारखी असते, निवृत्तीचे वयही सारखेच असते. तरीही त्यांपैकी एकाला निवृत्तीनंतर आयुष्यभर ठरलेले वेतन मिळेल, तर दुसऱ्याचे उत्पन्न त्याच्या खात्यातील पुंजी आणि त्याने निवडलेला पर्याय यांवर अवलंबून राहील. हा फरक कर्तबगारीचा नाही, तारखेचा आहे. १ नोव्हेंबर २००५ ही ती तारीख. गेल्या दोन दशकांत निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेत झालेले बदल, त्यांमागील कारणे आणि कर्मचाऱ्यांपुढील पर्याय यांचा हा आढावा.

जुनी योजना

राज्य शासनाच्या जुन्या निवृत्तिवेतनाचा आधार म्हणजे 'महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२'. या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी एक रुपयाही कापला जात नाही. किमान दहा वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो आणि पूर्ण निवृत्तिवेतन हे अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते. त्यावर कार्यरत कर्मचाऱ्यांप्रमाणेच वेळोवेळी महागाईवाढ मिळते. निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग 'विकून', म्हणजेच त्याचे अंशराशीकरण करून, एकरकमी पैसे घेता येतात. हा विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात पती किंवा पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

या योजनेचे मर्म असे, की बाजार वर गेला काय अथवा कोसळला काय, कर्मचाऱ्याच्या हाती येणारी रक्कम बदलत नाही. सारी जोखीम शासनाने पत्करलेली असते. तिच्यासाठी वेगळा निधीही उभारलेला नसतो. त्या-त्या वर्षीच्या महसुलातून ही रक्कम दिली जाते.

नवी योजना कशी आली?

केंद्र शासनाने १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले वगळता, आपल्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदानावर आधारित योजना सुरू केली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाद्वारे तिचेच अनुकरण केले. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' लागू झाली. कर्मचाऱ्याने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम भरायची आणि तितकीच शासनाने घालायची, असे तिचे स्वरूप होते. १ एप्रिल २०१५ पासून राज्य 'राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजने'त सामील झाले. शासनाचा वाटा १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के करण्यात आला.

या योजनेत निवृत्तीच्या वेळी खात्यातील जमा रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी काढता येते. उरलेल्या किमान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यावे लागते. त्या वर्षासनाचे मासिक हप्ते म्हणजेच निवृत्तिवेतन.

उदाहरणाने हा फरक स्पष्ट होतो. अखेरचे मूळ वेतन ६० हजार रुपये असेल, तर जुन्या योजनेत दरमहा ३० हजार रुपये आणि त्यावर महागाईवाढ मिळेल. नव्या योजनेत खात्यात ४० लाख रुपये जमले आहेत आणि वर्षासनाचा दर सहा टक्के आहे, असे धरू. १६ लाखांवर वर्षाला ९६ हजार, म्हणजे दरमहा आठ हजार रुपये मिळतील. २४ लाख रुपये हाती येतील हे खरे. पण आठ हजारांचा आकडा महागाईबरोबर वाढणार नाही. घरातील लग्नकार्य, आजारपण किंवा घरदुरुस्ती यांत ती एकरकमी पुंजी संपली, की उरते ते वर्षासनच.

सुरुवातीच्या काळात योजनेचे कागदोपत्री स्वरूप आणि अंमलबजावणी यांतही अंतर होते. सेवेची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांचा प्रश्न त्यातून तीव्र झाला. २९ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने अशा कुटुंबांना दहा लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याचे ठरले. कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानाचे लाभ नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांना मिळण्यासाठी मात्र ३१ मार्च २०२३ चा शासन निर्णय यावा लागला.

उपनगरांत एकाच रस्त्यावर अनेक नियम

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांचे किमान चार वर्ग आढळतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी आहे.

अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तहसील कार्यालयांतील, परिवहन कार्यालयांतील आणि पोलीस दलातील कर्मचाऱ्यांना १ नोव्हेंबर २००५ ही राज्याची तारीख लागू होते. टपाल, प्राप्तिकर, सीमाशुल्क अशा केंद्रीय खात्यांतील कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २००४ ही सीमारेषा आहे. मुंबई महापालिकेने अंशदायी योजना आणखी उशिरा, ५ मे २००८ पासून लागू केली. त्यामुळे घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय, मुलुंडचे अग्रवाल रुग्णालय किंवा विभाग कार्यालये येथे २००७ साली रुजू झालेला पालिका कर्मचारी जुन्या योजनेत आहे. त्याच वर्षी राज्य शासनाच्या सेवेत आलेला त्याचा शेजारी मात्र नव्या योजनेत.

चौथा वर्ग खासगी अनुदानित शाळांतील शिक्षक व शिक्षकेतरांचा. त्यांची गुंतागुंत सर्वाधिक आहे. अनेकांची नेमणूक नोव्हेंबर २००५ पूर्वीची. परंतु त्या दिवशी त्यांच्या शाळेला किंवा तुकडीला शंभर टक्के अनुदान नव्हते. अशांना कोणती योजना लागू, हा वाद वर्षानुवर्षे चालला. १० जुलै २०२० रोजी शालेय शिक्षण विभागाने खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावली, १९८१ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला. तो मंजूर झाला असता, तर अशा कर्मचाऱ्यांचा जुन्या योजनेवरील दावाच संपुष्टात आला असता. शिक्षक संघटना व शिक्षक आमदारांच्या विरोधानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस हा मसुदा मागे घेण्यात आला. पंधरा वर्षांपूर्वीच्या नेमणुकीचे फळ एका अधिसूचनेने बदलू शकते, हे यानिमित्ताने दिसून आले.

संप आणि त्यानंतर

'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत १४ मार्च २०२३ पासून राज्य शासकीय, निमशासकीय कर्मचारी व शिक्षक बेमुदत संपावर गेले. संपात सुमारे १७ लाख जण असल्याचे संघटनांचे म्हणणे होते. शासनाने सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर २० मार्च रोजी संप मागे घेण्यात आला.

त्यानंतरचे निर्णय दोन प्रकारचे आहेत. पहिला तारखेविषयीचा. पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण प्रशासकीय विलंबामुळे नियुक्ती नंतर झाली, अशांना जुनी योजना स्वीकारण्याची एकवेळची संधी देण्याचे मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये ठरविले. २ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचा शासन निर्णय निघाला. सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असाच आदेश ३ मार्च २०२३ रोजी काढला होता. तेथे जाहिरातीची सीमा २२ डिसेंबर २००३ ही होती.

दुसरा निर्णय रकमेविषयीचा. १ मार्च २०२४ रोजी विधानसभेत सुधारित योजनेची घोषणा झाली. अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ आणि निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, ही तिची मुख्य सूत्रे. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एकीकृत निवृत्तिवेतन योजना' मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तीही स्वीकारली.

केंद्राची एकीकृत योजना १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास निवृत्तीपूर्वीच्या बारा महिन्यांतील सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम, त्याहून कमी सेवेस त्या प्रमाणात आणि किमान दहा वर्षे सेवेनंतर दरमहा दहा हजार रुपयांची हमी तीत आहे. कर्मचाऱ्याचे दहा टक्के अंशदान मात्र चालूच राहते. शासनाचा एकूण भार १८.५ टक्के धरलेला आहे. जुनी योजना आणि ही योजना यांत निम्म्या वेतनाचा आकडा समान दिसला, तरी अंतर आहे. ६० हजार सरासरी मूळ वेतन आणि वीस वर्षे सेवा असलेल्यास येथे ३० नव्हे, तर २४ हजार रुपये मिळतील. जुन्या योजनेत पगारातून कपात नव्हती, येथे ती आहे. भविष्यनिर्वाह निधीची जोडही येथे नाही.

तिजोरीची बाजू

जुनी योजना सरसकट परत आणण्यास शासनाचा विरोध आहे तो खर्चामुळे. तत्कालीन उपमुख्यमंत्री व वित्तमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात, जुन्या योजनेमुळे राज्यावर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल, अशी भूमिका मांडली होती. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन अटळ खर्चांनंतर उरणाऱ्या पैशांतूनच रस्ते, रुग्णालये आणि शाळा उभ्या राहतात, हा या भूमिकेचा गाभा आहे. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब व हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२ व २०२३ मध्ये जुन्या योजनेकडे परतण्याचे निर्णय घेतले. तथापि, नव्या योजनेत जमलेला निधी राज्यांना परत देण्याची कायद्यात तरतूद नसल्याचे केंद्राने स्पष्ट केले.

कर्मचारी संघटनांचे उत्तर असे, की निवृत्तिवेतन हा खर्च नसून लांबणीवर टाकलेला पगार आहे. विधिमंडळाच्या माजी सदस्यांना १९७६ च्या अधिनियमाने, कोणत्याही अंशदानाविना निवृत्तिवेतन मिळते, याकडेही त्या लक्ष वेधतात.

हमी कशावर उभी आहे?

या साऱ्या चर्चेत रकमेचा विचार बराच होतो. पण दिलेला शब्द कोणत्या दस्तऐवजावर उभा आहे, याचा फारसा होत नाही. माजी आमदारांचे निवृत्तिवेतन अधिनियमाने दिलेले आहे. ते बदलायचे, तर विधिमंडळात विधेयक आणावे लागते. जुनी योजना नियमांवर उभी आहे. नव्या योजनेतील सुधारणा मात्र प्रामुख्याने शासन निर्णयांद्वारे आल्या आहेत. शासन निर्णय काढण्यास सभागृहाच्या मताची गरज नसते आणि तो बदलण्यासही नसते.

कायद्याची ताकद दोन्ही दिशांनी चालते, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा प्रकरणात निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे, असा निर्वाळा दिला आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये भेद करणारी तरतूद रद्दबातल ठरविली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठाचे अध्यक्ष होते. या निकालाच्या स्मरणार्थ १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. नंतरच्या निकालांत या तत्त्वाला मर्यादाही पडल्या. पुढे मार्च २०२५ मध्ये संसदेने वित्त अधिनियमाद्वारे, केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांचे वर्गीकरण करण्याचा आणि निवृत्तीच्या तारखेनुसार भेद करण्याचा अधिकार केंद्राला असल्याचे १ जून १९७२ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने नमूद केले. मिळत असलेल्या लाभांत यामुळे बदल होणार नाही, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितले. तरीही पुढील वेतन आयोगाचे लाभ जुन्या निवृत्तांना मिळतील काय, ही शंका त्यातून निर्माण झाली. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत, अंशदानाविना चालणाऱ्या निवृत्तिवेतन योजनांच्या खर्चाचा विचार करण्याचा उल्लेख नोव्हेंबर २०२५ मध्ये आल्यावर ही शंका अधिक गडद झाली.

कर्मचाऱ्यांनी काय तपासावे?

- नियुक्ती आदेशाची तारीख आणि पदाच्या जाहिरातीची तारीख, दोन्ही कागद जवळ ठेवावेत. लाभ कोणत्या तारखेवर ठरेल हे निर्णयागणिक बदलते.
- राष्ट्रीय योजनेच्या खात्याचा उतारा दरवर्षी पाहावा. आपली कपात आणि शासनाचा वाटा प्रत्येक महिन्याचा जमा आहे काय, विशेषतः २०१५ पूर्वीच्या काळातील, याची खातरजमा सेवेत असतानाच करावी.
- खात्यातील नामनिर्देशन विवाह, अपत्यजन्म किंवा जोडीदाराच्या मृत्यूनंतर अद्ययावत करावे.
- योजनेचा पर्याय देण्यापूर्वी उरलेली सेवा मोजावी. निवृत्तीच्या दिवशी एकूण सेवा पंचवीस वर्षांहून कमी भरत असल्यास 'निम्मे वेतन' हे शब्द पूर्णपणे लागू होत नाहीत.
- एकदा दिलेला पर्याय मागे घेता येतो काय, एकरकमी पैशांचे काय होते आणि पश्चात कुटुंबास किती मिळते, ही तीन उत्तरे मूळ शासन निर्णय वाचूनच मिळवावीत. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नये.

१ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांची पहिली मोठी पिढी येत्या दशकात निवृत्त होईल. सुधारित योजनेतील शब्द किती टिकाऊ आहेत, याची खरी कसोटी तेव्हाच लागेल. तोपर्यंत या हमीला विधिमंडळाच्या अधिनियमाचे बळ मिळते, की ती शासन निर्णयापुरतीच राहते, यावर कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेच्या मागणीइतकेच लक्ष ठेवणे इष्ट ठरेल.