शाळेच्या फळ्यावरील श्रद्धेचें चित्र

कॅथलिक शाळेच्या दरवाजांतून आंत शिरतांच बहुधा एक मोठा फळा दृष्टीस पडतो. त्यावर त्या वर्षाचें श्रद्धेचें सूत्र ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें आणि बाजूस रंगीत खडूंनीं काढलेलें एखादें चित्र असतें. कधीं कबुतर, कधीं नौका, कधीं मेंढपाळ. चित्रकलेचे शिक्षक, एखादी धर्मभगिनी आणि चार मुलें मिळून तें काढतात. नाताळाच्या सुमारास तेंच सूत्र अंगणांतील रांगोळींत उतरतें, स्नेहसंमेलनांत रंगमंचाच्या पडद्यावर चढतें. पुढें जून महिना उजाडतो, ओलें फडकें फिरतें आणि वर्षभराची ती कला पुसली जाते. म्हणूनच ख्रिस्तमंदिर केव्हां बांधलें, घंटा कोणीं दिली, पहिले धर्मगुरु कोण, ह्या गोष्टी धर्मग्रामांच्या इतिहासांत सांपडतात. हीं चित्रें सांपडत नाहींत.

तरी ह्या पुसल्या जाणाऱ्या चित्रांच्या मागें एक मोठा प्रश्न उभा आहे. आमचीं मुलें ज्या ख्रिस्ताचें व ज्या मारियामातेचें चित्र काढतात, त्यांचा चेहरा कोणत्या देशींचा? हा प्रश्न आज सहज विचारतां येतो. परंतु तो ज्यानें प्रथम रंगांत मांडला त्यास त्यापायीं स्वतःचा गांव सोडावा लागला, आणि तो ज्या ठिकाणीं येऊन राहिला तें ठिकाण आमच्या पिंपरी-चिंचवडपासून चार-पांच कोसांवर आहे.

प्रथम वार्षिक सूत्रांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. १३०० सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें, तेव्हांपासून एखादें वर्ष विशेष हेतूस वाहण्याची प्रथा चालत आली आहे. १९५० चें पवित्र वर्ष, १९५४ चें मारियावर्ष, २००० ची महाजुबिली, २०१२ मध्यें सुरू झालेलें श्रद्धावर्ष, २०१५ मध्यें सुरू झालेलें दयेचें वर्ष, हीं आमच्यांतील वडीलधाऱ्यांस आठवत असतील. अलीकडे अशा वर्षाबरोबर रोमहून एक चिन्हही येतें. २००० सालच्या चिन्हांत क्रुसाभोंवतीं पांच खंडांचीं पांच कबुतरें होतीं. तें एका तरुण कलाविद्यार्थिनीनें काढलें होतें. २०२४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस जें जुबिली वर्ष उघडलें, त्याच्या चिन्हासाठीं ४८ देशांतून २९४ चित्रें आलीं. निवडलेल्या चित्रांत चार माणसें एकमेकांस व क्रुसास बिलगलेलीं असून, क्रुसाचा पाया लाटांत उतरून नांगर झालेला आहे.

शाळेंत मुलें चौकोन आंखून अशा चिन्हाची हुबेहूब नक्कल करतात. नक्कल वाईट नव्हे. हात तिनेंच वळतो. परंतु ज्या वर्षीं सूत्र येतें आणि तयार चिन्ह हातीं पडत नाहीं, त्या वर्षीं मुलांस स्वतः कांहीं योजावें लागतें, आणि खरी मौज तेव्हांच दिसते.

आमचा हा भाग जुना ख्रिस्ती मुलूख नव्हे. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि कालांतरानें थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. पोटापाण्यासाठीं वसईकर आले, गोंयकार आले, मंगळूरचे, केरळचे, तामिळनाडूचे आणि अहमदनगर जिल्ह्यांतीलही बांधव आले. भाषा निरनिराळ्या, जेवण निरनिराळें. पण बहुतेकांच्या ट्रंकेंत एक वस्तु समान होती, ती म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाची चौकटींत बसविलेली तसबीर. गोरा चेहरा, पिंगट केस, निळे डोळे. त्या तसबिरीपुढें आमच्या आज्यांनीं रोज संध्याकाळीं रोजरी म्हटली. तिला कमी लेखण्याचें धाडस कोणीं करूं नये. पण मुलानें खडू हातीं घेतला कीं त्याच्या डोळ्यांपुढें तोच चेहरा येतो, हें त्या तसबिरीचेंच फळ आहे.

वस्तुतः शब्दाच्या बाबतींत ही अडचण फार पूर्वीं दूर झाली होती. जन्मानें इंग्रज असलेले जेज्विट धर्मगुरु थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ मध्यें गोव्यांत छापलें गेलें, आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत गाइली जाऊं लागली. डोळ्यांची पाळी मात्र येण्यास आणखी तीनशें वर्षें लागलीं. गोव्यांतील हस्तिदंती मूर्तींत व लांकडी कोरीवकामांत स्थानिक कारागिराचा हात मधूनमधून डोकावतो, हें खरें. तथापि देव्हाऱ्यांतील मारियामाता युरोपीयच राहिली.

ती बदलली आंजेलो द फोन्सेका यांनीं. गोव्यांतील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ मध्यें त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील युरोपीय धर्तीच्या शिक्षणांत त्यांचें मन रमलें नाहीं; ते बंगालमध्यें गेले आणि अवनीन्द्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखालीं शिकले. तेथें त्यांनीं पातळ जलरंगांचे थरांवर थर देऊन कागद पुनःपुन्हां धुण्याची पद्धत आत्मसात केली. तिच्यामुळें रंग कागदावर बसल्यासारखा न वाटतां आंत मुरल्यासारखा वाटतो, आणि चित्रास एक शांत, मंद प्रकाश येतो. ह्या पद्धतीनें त्यांनीं मारियामाता काढली ती साडी नेसलेली, सांवळी, आपल्या गांवच्या अंगणांत वावरणाऱ्या बाईसारखी.

गोव्यांत ह्या चित्रांवर टीकेची झोड उठली. आज आपणांस नवल वाटतें. पण त्या काळच्या श्रद्धाळू माणसाच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. ज्या रूपापुढें त्याचे पूर्वज गुडघे टेकीत आले, तें रूप म्हणजेच श्रद्धा, असें त्यास वाटे. वस्त्र बदललें तर आंतील देवत्वही निसटेल, ही त्याची भीति होती. इटलीच्या चित्रकारांनीं नाझरेथच्या त्या कुमारिकेस आपल्या शहरांतील श्रीमंत स्त्रियांचीं वस्त्रें चढविलीं होतीं, ह्याकडे मात्र कोणाचें लक्ष नव्हतें.

फोन्सेका पुण्यास आले आणि शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहिले. हा आश्रम कॅथलिक नव्हता. जॅक विन्स्लो ह्या अँग्लिकन धर्मोपदेशकांनीं १९२२ मध्यें ख्रिस्त सेवा संघ स्थापिला होता, आणि त्यांच्या मनावर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या विचारांचा खोल ठसा होता. ज्या टिळकांनीं ख्रिस्तास अभंगांत बोलाविलें, त्यांच्या प्रेरणेनें उभ्या राहिलेल्या घरांत एका कॅथलिक चित्रकारास आसरा मिळाला. दोन ख्रिस्तसभांमधील भिंती त्या काळीं किती उंच होत्या हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या आसऱ्याचें मोल कळेल. कॅथलिकांपैकीं त्यांची पाठराखण करणारे होते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील स्पॅनिश इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास. ह्याच सुमारास मुंबईंत अँजेला त्रिंदाद ह्या चित्रकर्त्रीही ख्रिस्ती विषय भारतीय शैलींत रंगवीत होत्या.

पुढें १९५० च्या पवित्र वर्षीं रोम येथें मिशन देशांतील धर्मकलेचें मोठें प्रदर्शन भरलें. १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींच्या आपल्या जाहीरनाम्यांत सांगितलें कीं, ख्रिस्तसभेनें कलेची कोणतीही एक शैली आपली म्हणून मानलेली नाहीं. फोन्सेका १९६७ मध्यें वारले. म्हणजे हें वाक्य ऐकण्यास ते जेमतेम चार वर्षें जगले. ज्या गोव्यानें त्यांस पाठ दाखविली, त्याच गोव्यांत, पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च ह्या संस्थेंत, आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह जपून ठेवलेला आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या विषयास अगदीं लागून आहे. युरोपांत मध्ययुगीं उपवासकाळांत वेदीपुढें एक चित्रपट टांगीत. जर्मन भाषेंत त्यास भुकेचा पट अशा अर्थाचें नांव आहे. मिसेरिओर ह्या जर्मन कॅथलिक संस्थेनें १९७६ मध्यें ही रूढि पुन्हां चालू केली, तेव्हां पहिला पट रंगविला तो ज्योति साही ह्या भारतीय चित्रकारांनीं. १९४४ मध्यें त्यांचा जन्म झाला तोही पुण्यांतच. तेव्हांपासून नवनवे पट निघत आले आणि ते तिकडील ख्रिस्तमंदिरांत व शाळांत लावले जातात. उपवासकाळाचें सूत्र चित्रांतून शिकविण्यास जर्मनीनें प्रारंभीं आमचा कुंचला मागितला, आणि आम्हीं मात्र अजून चौकोन आंखीत बसलों आहों!

ह्यावरून मारियामातेच्या हातीं कमळ दिलें आणि कोपऱ्यांत समई ठेविली कीं चित्र आपलें झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. तीही एक नक्कलच होते. आमच्या मुलांचें जग पवना व इंद्रायणी यांच्या कांठचें आहे. पहिल्या पाळीस माणसें नेणाऱ्या कंपनीच्या बसचें आहे. बापाच्या सदऱ्यास येणाऱ्या तेलाच्या वासाचें आहे. २०२५ चें सूत्र ‘आशेचे यात्रेकरू’ असें होतें. यात्रेकरू म्हणजे काय, हें येथल्या मुलास शिकवावें लागत नाहीं. दरवर्षीं देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते; डोईवर बोचकें आणि पायांत धूळ घेऊन चाललेलीं माणसें तो आपल्या दारांतून पाहतो. त्यानें आशेचा यात्रेकरू त्या चालीनें काढला, तर त्यास चूक ठरविण्याचें कारण दिसत नाहीं.

संत योसेफाविषयीं तर बोलावयासच नको. १९५५ मध्यें पोप बारावे पायस यांनीं श्रमिक संत योसेफाचा सण १ मे रोजीं नेमला. आमच्यासारख्या कामगारवस्तीस ह्याहून जवळचा संत कोणता? परंतु ८ डिसेंबर २०२० पासून त्याच्या नांवें जें वर्ष पाळलें गेलें, त्याचा बराचसा काळ महामारीमुळें शाळाच बंद होत्या. फळे कोरे राहिले; जीं चित्रें निघालीं तीं घरींच, कागदावर निघालीं. खडूचें चित्र पुसलें जातें, कागद मात्र राहतो. असे कागद ज्यांच्या कपाटांत अजून असतील, त्यांनीं मागील बाजूस इयत्ता व वर्ष लिहून ते धर्मग्रामाच्या कार्यालयांत ठेवावयास द्यावे; पुढील महोत्सवाचा अंक जे काढतील त्यांस ते लागतील.