बासाँपासून तीन सायकली मागे

डोळे उघडतात तेव्हा खिडकीच्या काचेवर दव साठलेलं असतं. इटलीतलं सेस्त्रिएरे, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर. तारीख १४ जुलै १९९९. पांघरूण बाजूला सारता आणि स्वतःच्याच पायांकडे बघत राहता. एकही केस नाही, पोटऱ्यांवर दोरीसारख्या तटतटलेल्या शिरा. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या १८० सायकलपटूंपैकी तुम्ही एक आहात. समालोचक ज्याचं नाव आठवड्यातून एखाद्या वेळी घेतात, असा.

शेजारच्या पलंगावरचा जोडीदार तुमच्या बोटाला सुई टोचतो. रक्ताची बारीक काचनळी छोट्या यंत्रात भिंगरीसारखी फिरते आणि आकडा कळतो: ४९. हा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का. ५०च्या वर गेलात तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ शर्यतीतून बाहेर काढतो. ईपीओ हे लाल पेशी वाढवणारं संप्रेरक लघवीत वा रक्तात पकडणारी चाचणी अजून नाही, म्हणून १९९७ साली त्यांनी ही रेघ आखली. रेघेच्या आत असलात की कुणी काही विचारत नाही.

हिवाळ्यात, काहीही न घेता, तुमचा आकडा ४१ होता. जोडीदाराचा जन्मजातच ४८.

इथे घाई करू नका. ‘सगळेच घेत होते, मग शर्यत बरोबरीचीच झाली ना?’ हा युक्तिवाद तुम्ही आपल्या काळात ऐकलेला आहे, कदाचित केलाही असेल. आता तो या दोन पलंगांच्या मध्ये ठेवून बघा. तुम्हाला आठ अंकांची भर घालता येते, त्याला जेमतेम एका-दोनाची. म्हणजे औषधाने बरोबरी आणलेली नाही. कुणाचं शरीर औषधाला किती दाद देतं आणि कुणाला किती हुशार डॉक्टर मिळतो, याची वेगळीच शर्यत लावलीय. आणि ज्याने सुईच नाकारली, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

तो खाली रस्त्यावर आहे. ख्रिस्तोफ बासाँ, वय २५.

मागच्या वर्षी तो फेस्टिना संघात होता. जुलै १९९८मध्ये त्या संघाचा मालिशवाला विली व्होएट बेल्जियमच्या सीमेवर गाडीभर औषधांसह पकडला गेला आणि सगळा संघ शर्यतीतून हाकलला गेला. सहकाऱ्यांनी पोलिसांना कबुलीजबाब दिले, तेव्हा त्यांनीच सांगितलं की बासाँ काही घेत नाही. ईपीओ घेतलंस तर दसपट पगार देऊ, असं संघाने त्याला सुचवलं होतं, हे पुढे त्याने स्वतः सांगितलं. यंदा तो दुसऱ्या संघातून धावतोय आणि ‘ल पारिझियाँ’ या दैनिकात रोज लिहितोय. आयोजक यंदाच्या टूरला ‘नवजीवनाची टूर’ म्हणताहेत. तो लिहितोय की वेग कमी झालेला नाही, मग बदललं काय?

शर्यत सुटते. घोळक्यात आधीच ठरलंय की सुरुवातीला कुणी जोर लावायचा नाही. पुढे क्रोआ द फेरचा चढ आहे आणि शेवटी आल्प द्युएझची एकवीस वळणं. बासाँला हे कुणा सायकलपटूने सांगितलेलं नाही. त्याच्याशी कुणी बोलतच नाही.

संथ चाललेल्या घोळक्यात तुमच्या मनात येतं, काल १३ जुलै होती. बत्तीस वर्षांपूर्वी याच तारखेला, १९६७ साली, माजी विश्वविजेता टॉम सिम्पसन मों व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर भर उन्हात कोसळला आणि मेला. वय २९. अंगावरच्या जर्सीच्या खिशात अँफेटामिनच्या नळ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वेग आवरून त्याच्या देशबंधूला, बॅरी होबनला, पुढे जाऊ दिलं. एकजुटीने धावणं या घोळक्याला चांगलं जमतं. मला या खेळाच्या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हेच: मेलेल्यासाठी दाखवलेली ही एकजूट जिवंत माणसाच्या वाट्याला कशी आली, ते तुम्ही आता पाहणार आहात.

बासाँ उसळी मारून पुढे निघतो. एकटाच.

क्षणात साखळ्या खडखडतात. सगळे संघ मिळून त्याच्यामागे लागतात. एरवी एकमेकांना इंचभर जागा न देणारी माणसं आळीपाळीने पुढे येऊन वारा कापताहेत. तुम्हीसुद्धा. कुणी हुकूम दिलेला नाही; पाय आपोआप फिरतात. आणि खरं सांगायचं तर ते सुंदर फिरतात. छाती भरत नाही, मांड्या जळत नाहीत, चढ सपाटीसारखा वाटतो. ज्याने हे अनुभवलं नाही त्याने नाही म्हणणं सोपं समजू नये. बासाँकडे हे पाय नाहीत. त्याने ते नाकारले आहेत, आणि तरीही तो पुढे आहे.

गाठतात त्याला. घोळका त्याच्याभोवती मिटतो. पिवळ्या जर्सीतला लान्स आर्मस्ट्राँग शेजारी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. कर्करोगातून उठलेला, काल हाच सेस्त्रिएरेचा घाट जिंकलेला, अर्ध्या जगाचा लाडका माणूस. तुम्ही तीन सायकली मागे आहात. वाऱ्यामुळे शब्द पूर्ण पोचत नाहीत, पण अर्थ पोचतो: तू जे बोलतोयस ते खेळाला घातक आहे, तू निघून जावंस.

तुम्हाला २०१२ साल माहीत आहे. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल, आर्मस्ट्राँगच्या सातही विजेतेपदांवर मारलेली फुली, त्यानंतरची दूरदर्शनवरची कबुली. तीन सायकली पुढे जाऊन बासाँच्या शेजारी यायचं आणि एवढंच म्हणायचं की तुझं खरं आहे. तोंड उघडता. आकडा आठवतो: ४९. पुढच्या हंगामाचा करार आठवतो. बाटली काढून पाणी पिता.

संध्याकाळी आल्प द्युएझवर जुझेप्पे ग्वेरिनीला एका फोटो काढणाऱ्या प्रेक्षकाची धडक बसते, तो पडतो, उठतो आणि जिंकतो. रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. बासाँचं नाव निघत नाही. सांगण्यासारखं झालंच नाही काही, तर निघणार कसं?

१६ जुलैला सकाळी शर्यत सँ-गाल्मिएहून सुटते. बासाँ नाही. रात्रभर झोप नाही, सोबतीला माणूस नाही. तो घरी गेलाय. दोन वर्षांनी तो हा व्यवसायच सोडणार आहे.

आणि तुम्ही परत, आपल्या खोलीत, उजेडाच्या पडद्यासमोर. १९९९चा निकाल काढता. पहिल्या जागेवर कुणीच नाही. महासंघाने ती जागा कुणाला दिली नाही. दुसऱ्या जागेवर अलेक्स झ्यूले, आदल्या वर्षी फेस्टिना प्रकरणात ईपीओची कबुली दिलेला. बासाँच्या नावापुढे शर्यत अर्धवट सोडल्याची नोंद तशीच आहे. बोट खाली सरकवत नेता. शर्यत पूर्ण करणारे १४१. त्यांत तुमचं नाव होतं तिथेच आहे, पॅरिसला पोचल्याच्या वेळेसह, आणि त्याच्यापुढे काहीही लिहिलेलं नाही.