क्नोबेल्सडोर्फ आणि सांसूसी : राजाज्ञा व वास्तुकाराचे कर्तृत्व

अठराव्या शतकातील दरबारी वास्तुकलेच्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. वास्तूचे कर्तृत्व ती रचणाऱ्याचे मानावे, की रचविणाऱ्याचे? प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आणि त्याचा वास्तुकार गेओर्ग वेन्त्सेस्लाउस फॉन क्नोबेल्सडोर्फ (१६९९–१७५३) यांच्या संबंधांत या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्ट होते.

क्नोबेल्सडोर्फचा मूळ पेशा लष्करी होता. १७१५ साली श्ट्राल्झुंडच्या वेढ्यात तो लढला आणि १७२९ साली कॅप्टनच्या हुद्द्यावर असताना सैन्य सोडून चित्रकार आंत्वान पेन याजकडे चित्रकला शिकू लागला. युवराज फ्रेडरिकच्या आश्रयाने १७३६-३७ मध्ये त्याने इटलीचा प्रवास केला. १७४० साली फ्रेडरिक सिंहासनावर येताच राजवास्तूंची देखरेख त्याजकडे आली. १७४२ साली खुल्या झालेल्या बर्लिनच्या ऑपेरागृहाचा सहा कॉरिंथियन स्तंभांचा दर्शनी मंडप संयत, अभिजात वळणाचा आहे. उलट शार्लोटेनबुर्ग प्रासादातील सुवर्णदालनात रोकोको अलंकरण मुक्तपणे बहरले आहे. बाहेर संयम व आत विलास, हेच ‘फ्रेडरिकीय रोकोको’चे प्रमुख लक्षण होय.

पोट्सडाम येथील सांसूसी प्रासादाची पायाभरणी १४ एप्रिल १७४५ रोजी झाली. त्याची मूळ कल्पना फ्रेडरिकने स्वतः रेखाटली होती. इमारत तळघराच्या जोत्यावर उंच उचलावी, म्हणजे द्राक्षमळ्याच्या सहा पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्यांखालून ती पूर्ण दिसेल, असे क्नोबेल्सडोर्फचे मत होते. राजाला मात्र दालनातून थेट बागेत पाऊल टाकावयाचे होते. राजाचे मत मान्य झाले आणि १७४६ साली क्नोबेल्सडोर्फला या कामावरून दूर करण्यात आले.

या वादाचा निर्णय आजही प्रत्यक्ष वास्तूत वाचता येतो. पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रेक्षकास प्रासादाचा खालचा भाग गच्चीच्या कडेआड गेलेला दिसतो. म्हणजे वास्तुकाराची शंका रास्त होती. परंतु आतून पाहता बाग ही दालनाचाच विस्तार वाटते. म्हणजे राजाचा हेतूही सफल झाला. एकाने वास्तूचा विचार पाहणाऱ्याच्या दृष्टीने केला, दुसऱ्याने राहणाऱ्याच्या.

तथापि यावरून सांसूसीचे सारे श्रेय राजाला देणे युक्त ठरणार नाही. उत्तरेकडील अर्धवर्तुळाकार स्तंभावली आणि घुमटाच्या माथ्यावर गवाक्ष असलेले, रोमच्या पँथिऑनचे स्मरण देणारे संगमरवरी दालन यांत इटली पाहून आलेल्या वास्तुकाराची शिस्त उघड दिसते. कल्पना राजाची असली, तरी तिला प्रमाणबद्ध रूप देणारा हात क्नोबेल्सडोर्फचाच होता.

१७५३ साली क्नोबेल्सडोर्फ निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ बर्लिनच्या अकादमीसाठी गौरवलेख लिहिला तो स्वतः फ्रेडरिकने, आणि त्यात त्याच्या सत्यप्रियतेचा आवर्जून उल्लेख केला. जी स्पष्टोक्ती कामावरून दूर होण्यास कारण झाली, तीच अखेर गुण म्हणून नोंदली गेली. राजाश्रयी कलेच्या इतिहासकाराने आज्ञेइतकेच या मतभेदाकडेही पुरावा म्हणून पाहिले पाहिजे.